तो मेसेज फॉरवर्ड करण्याआधी कमल रणदिवेंना भेटा

तुमच्या कॉलेजच्या नाहीतर गावच्या ग्रुपवर तो मेसेज एव्हाना येऊन गेला असेल. लक्ष्मणफळ म्हणे केमोथेरपीपेक्षा दहा हजार पट प्रभावी, आणि साइड इफेक्ट शून्य! डहाणू-तलासरीत हे पटायला वेळ लागत नाही. झाडपाल्याची औषधं आपल्याकडे घरोघरी माहीत असतात. उलट टाटा हॉस्पिटल म्हटलं की डहाणू रोडची पहाटेची लोकल, मग दादर, परळ आणि दिवसभराची रांग. घरात कुणाला कॅन्सर निघाला, तर फळाचा रस सोपा वाटणारच. म्हणून दोस्तांनो, आज त्या परळमध्येच संशोधन केलेल्या एका बाईंची ओळख करून घ्या.

कमल समर्थ यांचा जन्म ८ नोव्हेंबर १९१७ चा, पुण्यातला. वडील फर्ग्युसनमध्ये जीवशास्त्र शिकवायचे. शाळा हुजूरपागा. मुलीने डॉक्टर व्हावं आणि डॉक्टरशीच लग्न करावं, अशी वडिलांची इच्छा. मुलीने दोन्हीही केलं नाही! ती वनस्पती आणि प्राण्यांच्या अभ्यासात रमली. १९३९ मध्ये लग्न केलं ते गणितज्ञ रणदिवेंशी. १९४३ मध्ये पुण्याच्या शेतकी कॉलेजातून एमएस्सी झाली. विषय होता सीताफळाच्या कुळातल्या वनस्पतींच्या पेशी आणि गुणसूत्रं. मेसेजमधलं लक्ष्मणफळ याच कुळातलं, बरं का.

पुढे मुंबईत टाटा मेमोरियलमध्ये डॉ. वसंत खानोलकरांच्या हाताखाली त्यांनी १९४९ मध्ये पीएचडी केली. मग अमेरिकेत बाल्टिमोरला, जॉर्ज गाय यांच्या प्रयोगशाळेत. माणसाच्या कॅन्सरच्या पेशी काचेच्या भांड्यात वर्षानुवर्षं जिवंत ठेवण्याचं तंत्र तिथे साधलं होतं. ते शिकून बाई परत आल्या आणि इंडियन कॅन्सर रिसर्च सेंटरमध्ये त्यांनी पेशी वाढवण्याची प्रयोगशाळा उभी केली. आपल्या देशातली ती पहिलीच मानली जाते.

पण कमलताई काचेच्या भांड्यावर थांबल्या नाहीत. स्तनाच्या कॅन्सरचा हार्मोन, विषाणू आणि आनुवंशिकतेशी काय संबंध, हे त्यांनी उंदरांवर तपासलं. उंदीर कशाला? तर काचेतल्या पेशी कशानेही मरतात, मिठाच्या पाण्यानेसुद्धा. जिवंत शरीरात मात्र यकृत असतं, रक्त असतं, मेंदू असतो. औषध गाठीपर्यंत पोचतं का, वाटेत आणखी काय बिघडवतं, हे भांडं सांगत नाही. एका गटाला औषध द्यायचं, दुसऱ्याला नाही, आणि दोन्हीकडे सारखंच लक्ष ठेवायचं. उंदीर बरा झाला तरी माणूस होईलच असंही नाही; त्याच्या चाचण्या वेगळ्या.

आता ते दहा हजार पट बघा. १९९६ मध्ये अमेरिकेतल्या एका प्रयोगशाळेने लक्ष्मणफळाच्या बियांमधल्या एका रसायनाची ॲड्रियामायसिन या केमोच्या औषधाशी तुलना केली. आकडा तिथला. पण प्रयोग काचेतल्या पेशींवरचा. त्यात उंदीरसुद्धा नव्हता! उलट कॅरिबियन बेटांवर हे फळ आणि त्याच्या पानांचा काढा नेहमी घेणाऱ्यांमध्ये पार्किन्सनसारखा मेंदूचा आजार जास्त दिसल्याचं १९९९ मध्ये प्रसिद्ध झालं. साइड इफेक्ट शून्य कुठून आणलं, देव जाणे.

मग झाडपाला खोटाच का? मुळीच नाही. अंगणातली सदाफुली घ्या. मधुमेहावरचं गावठी औषध म्हणून १९५० च्या दशकात कॅनडात तिचा अर्क उंदरांना दिला. साखर काही उतरली नाही, पण पांढऱ्या पेशी घटल्या आणि उंदीर जंतुसंसर्गाने मरू लागले. त्या मरण्यातूनच धागा मिळाला आणि व्हिनब्लास्टिन हाती आलं. पाठोपाठ आलेलं व्हिनक्रिस्टिन आजही लहान मुलांच्या रक्ताच्या कॅन्सरवर देतात. म्हणजे केमोमधली काही औषधं झाडाचीच आहेत! फक्त डोस मोजलेला असतो. व्हिनक्रिस्टिनचा मोठ्या माणसाचा एका वेळचा डोस साधारण २ मिलिग्रॅमच्या वर जात नाही. पानं चावून तो मोजता येणार आहे का? आणि केमो चालू असताना कुणी पाला, काढा घेत असेल तर ते डॉक्टरांना सांगा. ओरडतील म्हणून लपवू नका.

कमलताईंनी स्वतःही वनस्पती प्राण्यांवर तपासल्या, पण उलट्या बाजूने. सुपारी आणि तंबाखू. दोन्ही शंभर टक्के नैसर्गिक! सुपारी-तंबाखूने कॅन्सर होतो का, यावरचं त्यांचं आणि सहकाऱ्यांचं संशोधन १९७६ मध्ये छापून आलं. चंचीतलं पान-सुपारी-तंबाखू आठवून बघा जरा.

१९७३ मध्ये त्यांनी ११ सहकाऱ्यांबरोबर भारतीय महिला वैज्ञानिकांची संघटना काढली. १९८२ मध्ये पद्मभूषण मिळालं. निवृत्तीनंतर बाई घरी बसल्या नाहीत. अहमदनगर जिल्ह्यातल्या अकोले तालुक्यात, म्हणजे आपल्यासारख्याच आदिवासी पाड्यांवर, मुलांच्या पोषणाच्या नोंदी घेत फिरल्या. २००१ मध्ये त्या गेल्या. त्यांची संस्था परळहून खारघरला गेली आणि आता ॲक्ट्रेक म्हणून ओळखली जाते. कॅन्सरच्या औषधांची उंदरांवरची तपासणी तिथे आजही चालते.