अणूच्या स्थैर्याचे कोडे उलगडणारे नील्स बोर

जबलपूरजवळ भेडाघाट येथे नर्मदा संगमरवराच्या उंच कड्यांमधून वाहते. हे कडे युगानुयुगे उभे आहेत. ते ज्या अणूंचे बनलेले आहेत, ते अणू कोसळत का नाहीत, असा प्रश्न आपल्याला सहसा पडत नाही. हा प्रश्न ज्यांनी मनावर घेतला, ते शास्त्रज्ञ म्हणजे नील्स बोर.

बोर यांचा जन्म ७ ऑक्टोबर १८८५ रोजी डेन्मार्कची राजधानी कोपनहेगन येथे झाला. १९११ मध्ये डॉक्टरेट मिळवून ते इंग्लंडला गेले व १९१२ मध्ये मँचेस्टरला रदरफोर्ड यांच्या प्रयोगशाळेत दाखल झाले. अणूचे बहुतेक सर्व वस्तुमान मध्यभागी सूक्ष्म केंद्रकात एकवटलेले असून इलेक्ट्रॉन त्याच्याभोवती असतात, असे रदरफोर्ड यांनी दाखवून दिले होते. परंतु तत्कालीन नियमांनुसार फिरणारा इलेक्ट्रॉन सतत ऊर्जा गमावून क्षणार्धात केंद्रकावर आदळायला हवा होता. म्हणजे एकही अणू टिकता कामा नये!

प्रत्यक्षात सृष्टी तर टिकून आहे. तेव्हा बोर यांनी त्या नियमांविषयीच शंका घेतली. १९१३ मध्ये त्यांनी मांडले, की इलेक्ट्रॉन ठरावीक ऊर्जापातळ्यांच्या कक्षांतच राहतो आणि तेथे असताना ऊर्जा गमावत नाही. घाटावर आपण पायरीवर उभे राहतो. दोन पायऱ्यांच्या मध्ये अधांतरी राहता येत नाही, तसेच हे आहे. वरच्या पातळीवरून खाली येताना इलेक्ट्रॉन प्रकाश बाहेर टाकतो. सर्वांत खालच्या पातळीखाली मात्र पायरीच नसते. म्हणून अणू स्थिर राहतो. हायड्रोजनच्या वर्णपटातील रेषांचाही यातून उलगडा झाला. या कार्याबद्दल त्यांना १९२२ चे नोबेल पारितोषिक मिळाले.

१९२५ नंतर विकसित झालेल्या पुंजयामिकीने इलेक्ट्रॉनचा निश्चित मार्ग ही कल्पना मागे टाकली. ऊर्जापातळ्या मात्र कायम राहिल्या. हे नवे विचार घडवणाऱ्या तरुणांना बोर यांनीच आपल्या संस्थेत आसरा दिला होता.

त्यांची आई ज्यू होती. त्यामुळे १९४३ मध्ये नाझींच्या तावडीतून सुटण्यासाठी त्यांना नावेतून स्वीडन गाठावे लागले. अणुबाँबचा संहार पाहिल्यावर १९५० मध्ये त्यांनी संयुक्त राष्ट्रांना खुले पत्र लिहून राष्ट्राराष्ट्रांत मोकळेपणा असावा, असे आवाहन केले. १८ नोव्हेंबर १९६२ रोजी त्यांचे निधन झाले. अणूच्या स्थैर्याचे रहस्य उलगडणाऱ्या या शास्त्रज्ञाने जगाच्या स्थैर्याचीही अखेरपर्यंत चिंता वाहिली.