मक्तेदार जोतीराव

१८८२ साली हंटर शिक्षण आयोगापुढे महात्मा जोतीराव फुले यांनी जे निवेदन ठेवले, त्यात स्वतःची ओळख त्यांनी व्यापारी, शेतकरी आणि म्युनिसिपल कमिशनर अशी करून दिली आहे. यात धंद्याचा उल्लेख प्रथम यावा, ही गोष्ट आम्हांस मननीय वाटते. आपल्या ज्ञातीत दुकानदार, बागाईतदार व मक्तेदार यांची कुटुंबे पुष्कळ आहेत. म्हणून त्यांच्या चरित्राच्या या अंगाचे येथे स्मरण करीत आहोत.

जोतीरावांचा जन्म १८२७ सालचा. घराण्याचा धंदा फुलांचा, आणि त्यावरूनच फुले हे आडनाव रूढ झाले. १८४८ साली पुण्यास त्यांनी मुलींची शाळा काढली व सावित्रीबाई तेथे शिकवू लागल्या. त्यामुळे लोकक्षोभ होऊन १८४९ साली उभयतांस वडिलांचे घर सोडावे लागले. पोटासाठी आता स्वतःचाच उद्योग हवा होता. पुढे छापखान्याचे खिळे पाडण्याच्या साच्यांची विक्री, सरकारी बांधकामांचे मक्ते, खडकवासल्याच्या धरणास दगडांचा पुरवठा आणि मांजरी येथील शेती असे नाना व्यवसाय त्यांनी केले.

बांधकामांवरील मजुरांचे हाल आणि अधिकाऱ्यांची लाचखोरी त्यांनी प्रत्यक्ष पाहिली. शेतीचे मर्मही त्यांना ठाऊक होते. हाच अनुभव पुढे ‘शेतकऱ्याचा असूड’ या ग्रंथात उतरला. त्यांच्या ठायी धंदा व लोककार्य एकमेकांस पूरक ठरले.

संसारही त्यांनी दूर ठेवला नाही. उलट सावित्रीबाई प्रत्येक कार्यात सहभागी होत्या. १८५५ ची रात्रशाळा दिवसभर राबणाऱ्यांसाठी होती. १८६३ साली विधवांच्या मुलांसाठी काढलेले बालहत्या प्रतिबंधक गृह त्यांच्या घरीच चालले. तेथे जन्मलेल्या यशवंतास त्यांनी दत्तक घेऊन शिकविले व तो डॉक्टर झाला.

मात्र या जीवनास हिशेबाची दुसरी बाजूही आहे. मिळविलेले धन लोककार्यात खर्ची पडले. १८८८ साली पक्षाघाताने उजवे अंग लुळे पडले, तेव्हा डाव्या हाताने त्यांनी ‘सार्वजनिक सत्यधर्म पुस्तक’ लिहून पुरे केले. २८ नोव्हेंबर १८९० रोजी देहावसान झाले, त्या वेळी घरी संपत्ती उरली नव्हती.

आज आपल्यापैकी कित्येकांची दुकाने पहाटेपासून रात्रीपर्यंत उघडी असतात आणि मुले निजल्यावरच वडील घरी येतात. जोतीरावांइतका त्याग आम्ही कोणाकडेही मागत नाही. तो आम्हांसही साधलेला नाही. परंतु ही मिळकत कशासाठी, हा प्रश्न पत्नी व मुलांसह बसून वर्षातून एकदा तरी विचारावा. ते आपल्या ज्ञातीचे म्हणून आपण अभिमान बाळगतो. पण १८७३ साली स्थापलेला त्यांचा सत्यशोधक समाज सर्वांसाठी खुला होता, हेही विसरू नये.