एक्सप्लेनर : नको म्हटलेलं सिंहासन विक्रमादित्याने अखेर का घेतलं? वेंगीसाठी त्याला ४० वर्षांहून अधिक थांबावं का लागलं?

बीड जिल्ह्यातील धर्मापुरीचं केदारेश्वर मंदिर कल्याणीच्या चालुक्यांच्या काळातलं आहे. बाहेरच्या भिंतींवरील सुरसुंदरींच्या शिल्पांसाठी ते ओळखलं जातं. या घराण्यातला सर्वात बलाढ्य राजा सहावा विक्रमादित्य. त्याने १०७६ ते ११२६ अशी तब्बल ५० वर्षं राज्य केलं. त्याची राजधानी कल्याणी म्हणजे आजच्या कर्नाटकातलं बसवकल्याण.

हवं त्याच्या मागे लागलं की ते दूर पळतं, असं आपल्याकडे सर्रास म्हणतात. या राजाचं आयुष्य त्यावर काय सांगतं?

सिंहासन खरंच नको होतं?

विक्रमादित्य हा पहिल्या सोमेश्वराचा धाकटा मुलगा. थोरल्याचं नावही सोमेश्वरच. काश्मीरहून आलेला कवी बिल्हण विक्रमादित्याच्या दरबारात होता. त्याने राजावर १८ सर्गांचं विक्रमांकदेवचरित हे काव्य लिहिलं. त्यात तो सांगतो की, वडिलांना विक्रमादित्यालाच युवराज करायचं होतं, पण थोरल्याचा हक्क डावलायला नको म्हणून त्याने नकार दिला. १०६८ मध्ये असाध्य आजाराने त्रासलेल्या वडिलांनी तुंगभद्रेत जलसमाधी घेतली आणि थोरला भाऊ गादीवर बसला.

इथपर्यंत सगळं सरळ आहे. पुढे मात्र कवीची गोष्ट आणि घटनाक्रम यांचा मेळ बसत नाही.

थोरल्याशी बिनसताच विक्रमादित्याने घराण्याचे जुने शत्रू असलेल्या चोळांशी हातमिळवणी केली. चोळ राजा वीरराजेंद्राच्या मुलीशी लग्न केलं. गोव्याचे कदंब आणि सेऊण यादव यांच्यासारखे मांडलिक आपल्या बाजूला वळवले. १०७६ च्या सुमारास भावाला युद्धात हरवून कैद केलं. बिल्हणाच्या काव्यात विक्रमादित्य भावाला राज्य परत द्यायला निघतो, पण शंकर रागावून त्यालाच राजा व्हायची आज्ञा करतो. नेमक्या वेळी आलेली ही आज्ञा राजाच्या फारच सोयीची होती! आठ वर्षांची तयारी पाहिली, तर सिंहासन आपोआप चालून आलं असं म्हणता येत नाही. त्याने ते मिळवलं.

गंमत अशी की, याच राजाच्या काळात कल्याणीत विज्ञानेश्वराने मिताक्षरा हा ग्रंथ लिहिला. वडिलोपार्जित संपत्तीत मुलाला जन्मतःच हक्क मिळतो, हे त्यातलं प्रसिद्ध सूत्र. पुढे ते देशाच्या मोठ्या भागात हिंदू वारसा कायद्याचा आधार बनलं. राजा स्वतः थोरल्या भावाला कैद करून गादीवर आलेला होता.

मग निसटलं काय?

वेंगी. कृष्णा आणि गोदावरीच्या मुखाजवळचा हा सुपीक प्रदेश चालुक्य आणि चोळ या दोघांनाही हवा होता.

१०७० मध्ये सासरे वीरराजेंद्र वारले. विक्रमादित्य सैन्य घेऊन दक्षिणेत गेला, मेहुणा अधिराजेंद्र याला चोळांच्या गादीवर बसवलं आणि परतला. त्याचा हिशेब स्वच्छ होता : चोळ राजधानीत आपला माणूस असला की वेंगीचा प्रश्न सुटेल. पण काही दिवसांतच मेहुणा मारला गेला आणि वेंगीच्या घराण्यातला राजेंद्र कुलोत्तुंग या नावाने चोळ राजा झाला. वेंगी आणि चोळ एकाच माणसाच्या हाती गेले. जे होऊ नये म्हणून विक्रमादित्याने धाव घेतली, नेमकं तेच झालं.

यात दोष हव्यासाचा म्हणायचा की घाईचा? सैन्य मागे वळताच कोसळेल अशी सत्ता उभी करून तो परतला, ही त्याची खरी चूक दिसते. पुढे कुलोत्तुंग दीर्घकाळ राज्य करत राहिला आणि विक्रमादित्याला वाट पाहावी लागली.

कोंडी फुटली ती १११८ च्या सुमारास. कुलोत्तुंग म्हातारा झाला होता. वेंगी सांभाळणारा त्याचा मुलगा विक्रम चोळ वारस म्हणून दक्षिणेत गेला. मागे पोकळी निर्माण झाली आणि चालुक्यांचे सेनापती वेंगीत पोहोचले. थांबल्याने वेंगी मिळाली, असं म्हणायचा मोह होतो. पण चार दशकं सैन्य आणि सरदार हाताशी ठेवले नसते, तर ती रिकामी जागा दुसऱ्याच कुणीतरी भरली असती. विक्रमादित्याच्या मृत्यूनंतर काही वर्षांतच चोळांनी वेंगी परत घेतली.

आणखी एक इच्छा होती. राज्यावर येताच त्याने शक संवत बाजूला सारून स्वतःचा चालुक्य विक्रम संवत सुरू केला. त्याच्या राज्यातील शेकडो शिलालेखांत तो सापडतो. ११५७ मध्ये कलचुरी बिज्जलाने कल्याणीची सत्ता बळकावली. हळूहळू हा संवत वापरातून गेला आणि शिलालेखांपुरता उरला. त्याने बाजूला सारलेला शक संवत मात्र टिकला आणि १९५७ पासून भारत सरकारच्या राष्ट्रीय दिनदर्शिकेत आहे.