भाषांतरकार जेरोम

इसवी सन 382 मध्ये रोमचा पोप डॅमसस याने जेरोम नावाच्या विद्वानावर एक नाजूक काम सोपविले. ख्रिस्ती लोकांच्या धर्मग्रंथाची, म्हणजे बायबलची, लॅटिन भाषांतरे त्या काळी प्रचलित होती. पण नकला करणाऱ्यांच्या हातून ती इतकी बिघडली होती, की एका प्रतीचा दुसरीशी मेळ बसत नसे. ती शुद्ध करावयाची होती. या कामात गढून गेल्यावर जेरोमच्या ध्यानी आले, की बायबलातील जुना करार लॅटिनमध्ये आला तो ग्रीक भाषांतरावरून. मूळ ग्रंथ हिब्रू भाषेत होता. कठीण वचनाचा उलगडा व्हावयाचा, तर मुळाशीच गेले पाहिजे, असे त्याने ठरविले.

हिब्रू भाषा त्याने तारुण्यातच, सिरियाच्या वाळवंटात तपस्वी जीवन कंठीत असताना, शिकावयास घेतली होती. ती त्या काळी बहुतांशी व्यंजनांनीच लिहीत. आपल्या लिपीतील काना, मात्रा, उकार काढून टाकले, तर काळ, कूळ आणि केळ हे शब्द सारखेच दिसतील. हिब्रू वाचणाऱ्याची अशीच अडचण होई. इ. स. 386 मध्ये जेरोम बेथलेहेम येथे स्थायिक झाला. तेथे एक यहुदी पंडित त्याला रात्रीच्या वेळी शिकवावयास येई. कारण दिवसा आल्यास स्वजनांच्या रोषाचे त्याला भय वाटे.

जुन्या करारात योना या संदेष्ट्याची कथा आहे. निनवे नगराबाहेर तो उन्हात बसला असता देवाने त्याच्या डोक्यावर सावलीसाठी एक झाड उगविले, आणि दुसऱ्याच दिवशी किडीने ते वाळून गेले. या झाडाचे हिब्रू नाव सबंध जुन्या करारात दुसरीकडे कोठेही येत नाही. जुन्या लॅटिन भाषांतरात तेथे भोपळ्याचा वेल होता. जेरोमने तो काढून आयव्ही ही भिंतीवर चढणारी वेल घातली.

आजच्या लिबियातील त्रिपोली नगरात, म्हणजे तेव्हाच्या ओया गावी, तेथील बिशपने हे नवे भाषांतर वाचताच मंडळींत गोंधळ उडाला. पिढ्यान्‌पिढ्या ऐकलेला भोपळा गेला कोठे? लोक मंदिर सोडून जातील या भीतीने बिशपला जुना शब्द परत घ्यावा लागला. थोर धर्मवेत्ता ऑगस्टिन याने इ. स. 403 मध्ये हा सारा प्रकार जेरोमला पत्राने कळविला. ऑगस्टिन हा काही सामान्य टीकाकार नव्हे. ग्रीक भाषांतराला सोडून गेल्यास ख्रिस्ती मंडळींत फूट पडेल, ही त्याची चिंता खरी होती.

जेरोम मूळचा तापट. त्याचे उत्तर बोचक होते. पण त्यात विचार होता. हे झाड वेल नव्हे, ते स्वतःच्या खोडावर उभे राहते, भराभर वाढते आणि त्याची पाने रुंद असतात, हे त्याला ठाऊक होते. मात्र त्याला लॅटिनमध्ये नाव नाही, असे त्याचे म्हणणे होते. हिब्रू शब्द तसाच ठेवावा, तर कोणालाच कळणार नाही. भोपळा म्हणावे, तर तो मुळात नाही. म्हणून पूर्वीच्या काही भाषांतरकारांना अनुसरून त्याने आयव्ही पत्करली. अनेक अभ्यासक आज त्या झाडाला एरंड मानतात. आपल्या शेताच्या बांधावर उगवणारे हे झाड जेरोमच्या वर्णनाशी पुष्कळ जुळते. म्हणजे त्याला झाड अचूक कळले होते. अडला तो केवळ शब्दापाशी!

भाषांतर सुमारे 405 मध्ये पुरे झाले. पुढे पश्चिम युरोपात तेच सर्वत्र रूढ झाले. जेरोम मात्र कठीण वचनांवर टीका लिहीतच राहिला. इ. स. 420 च्या सुमारास बेथलेहेम येथे त्याला मृत्यू आला, तेव्हा यिर्मया संदेष्ट्याच्या ग्रंथावरील त्याची टीका अपुरीच राहिली होती.