वर्गात प्राध्यापक, वृत्तपत्रात लोकशिक्षक

पुण्याच्या शनिवार पेठेतील गद्रे वाड्यात २ जानेवारी १८८५ रोजी फर्ग्युसन महाविद्यालय सुरू झाले. त्याच्या पहिल्या प्राध्यापकांमध्ये २८ वर्षांचे गोपाळ गणेश आगरकर होते. वेतन अल्प, प्रकृती दम्याने जर्जर. पण विचार कमालीचे निर्भय.

कऱ्हाडजवळील टेंभू येथे १४ जुलै १८५६ रोजी जन्मलेल्या आगरकरांचे शिक्षण हलाखीत झाले. डेक्कन कॉलेजात टिळकांशी मैत्री जडली आणि सरकारी नोकरीऐवजी लोकशिक्षणाला वाहून घेण्याचा निश्चय दोघांनी केला. चिपळूणकर व टिळकांनी १८८० मध्ये काढलेल्या न्यू इंग्लिश स्कूलमध्ये आगरकर एम. ए. झाल्यावर, १८८१ मध्ये दाखल झाले. त्याच वर्षी निघालेल्या ‘केसरी’चे संपादकपद त्यांच्याकडे आले. कोल्हापूर प्रकरणात १८८२ मध्ये दोघा मित्रांनी डोंगरीच्या तुरुंगात १०१ दिवस काढले.

१८८४ मध्ये डेक्कन एज्युकेशन सोसायटी स्थापन झाली. आजीव सदस्यांनी अल्प वेतनावर २० वर्षे शिकवायचे आणि संस्थेचा कारभारही एकत्र चालवायचा, अशी ही सहकार्याची रचना होती. मात्र महाविद्यालयातील अभ्यासक्रम मुंबई विद्यापीठाने ठरविलेला असे. बालविवाह, विधवांचे केशवपन, जातिभेद या प्रश्नांना त्यात स्थान नव्हते. ते शिक्षण आगरकरांनी वृत्तपत्रातून दिले.

राजकीय स्वातंत्र्य आधी की समाजसुधारणा आधी, या प्रश्नावर मित्रांचे मार्ग वेगळे झाले. समाज जुन्या रूढींना जखडलेला असताना राजकीय हक्क मिळाले तरी ते पेलणार नाहीत, अशी आगरकरांची धारणा होती. १८८७ मध्ये त्यांनी ‘केसरी’ सोडला आणि पुढच्याच वर्षी ‘सुधारक’ काढला. त्याची इंग्रजी बाजू तरुण गोपाळ कृष्ण गोखले सांभाळत. ‘वाक्यमीमांसा’ या ग्रंथात वाक्याचे घटक सुटे करून तपासणारे आगरकर ‘सुधारक’मध्ये रूढींचेही तसेच पृथक्करण करीत. रूढीचा उगम कोणता, तिचा उपयोग काय आणि तिची झळ कोणाला पोहोचते, हे पाहण्याची सवय ते वाचकांना लावीत. मुलामुलींना एकच शिक्षण एकत्र द्यावे, हा त्यांचा आग्रह त्या काळी धाडसाचा होता.

याची किंमत त्यांनी चुकती केली. विरोधकांनी पुण्यात त्यांच्या हयातीतच त्यांची प्रेतयात्रा काढली. तरीही लेखणी थांबली नाही आणि अध्यापनही. प्राचार्य वामन शिवराम आपटे यांच्या निधनानंतर १८९२ मध्ये ते फर्ग्युसनचे प्राचार्य झाले. १७ जून १८९५ रोजी, वयाची ३९ वर्षे पूर्ण होण्याआधीच, त्यांचे निधन झाले. शिकविण्यासाठी त्यांना जेमतेम १४ वर्षे मिळाली. रूढीला कारण विचारण्याचा जो पाठ त्यांनी त्या काळात घालून दिला, तो महाराष्ट्राच्या सामाजिक विचाराचा पाया ठरला.