खिशात पावलं मोजायचं यंत्र घेऊन फिरणारा संगीतकार

गोष्ट आहे १९०७ च्या उन्हाळ्यातली. व्हिएन्ना ऑपेराचा संचालक, जगप्रसिद्ध संगीतकार गुस्ताव माहलर कुटुंबासोबत मायर्निग गावी तळ्याकाठच्या घरी आला होता. तिथंच त्याची चार वर्षांची थोरली लेक मारिया स्कार्लेट फीवर आणि घटसर्पानं गेली. खचलेल्या बायकोला तपासायला आलेल्या डॉक्टरांनी माहलरचीही छाती तपासली आणि चेहरा गंभीर केला. हृदयाच्या झडपेत दोष होता. व्हिएन्नातल्या तज्ज्ञांनीही तेच सांगितलं.

हे दुखणं बहुधा लहानपणीच्या रुमॅटिक फीवरचं. यात होतं असं की, स्ट्रेप्टोकोकस जंतूंमुळे घसा सुजून दुखतो, तो बराही होतो. पण त्या जंतूंशी लढणारी शरीराची यंत्रणा चुकून स्वतःचेच सांधे आणि हृदय सुजवते. सांधे सुधारतात, झडपेवरचे व्रण मात्र राहतात.

माहलर म्हणजे डोंगर चढणारा, तळं पोहून जाणारा, सायकल मारणारा माणूस. चालता चालता त्याला सुरावटी सुचायच्या. त्यालाच आता श्रम बंद! तो खिशात पावलं मोजायचं यंत्र ठेवून फिरू लागला. चार पावलं टाकायची, थांबायचं, नाडी बघायची. आज अशा बऱ्याच रुग्णांना डॉक्टर उलट झेपेल तेवढं चालायलाच सांगतात. पण त्या काळी विश्रांती हेच औषध होतं.

काम मात्र थांबलं नाही. १९०८ च्या १ जानेवारीला तो न्यूयॉर्कच्या मेट्रोपोलिटन ऑपेरात उभा राहिला. त्याच उन्हाळ्यात ‘पृथ्वीचं गीत’ आणि पुढच्या वर्षी नववी सिंफनी लिहिली.

घात पावलांनी केलाच नाही. खराब झडपेवर रक्तातले जंतू सहज घर करतात, तेच झालं. २१ फेब्रुवारी १९११ ला अंगात ताप असताना त्यानं कार्नेगी हॉलमध्ये शेवटची मैफल केली. रक्ततपासणीत स्ट्रेप्टोकोकस सापडले. जंतू कळले, पण ते मारणारं औषधच नव्हतं. पेनिसिलिनचा शोध लागला १९२८ मध्ये.

पॅरिसच्या डॉक्टरांनीही हात टेकले. माहलरला व्हिएन्नाला आणलं. १८ मे १९११ ला, वयाच्या ५० व्या वर्षी तो गेला. ग्रिन्झिंगच्या दफनभूमीत त्याला मारियाशेजारीच पुरलं.