विद्यापीठातला कारागीर : जेम्स वॅट

किटलीच्या उडणाऱ्या झाकणाची गोष्ट आपण सर्वांनीच लहानपणी ऐकली आहे. त्या गोष्टीमुळे माझी बरीच वर्षे अशी समजूत होती की, वाफेचे इंजिन जेम्स वॅटने शोधले आणि तेही स्वयंपाकघरात बसून. त्याचे चरित्र वाचल्यावर या दोन्ही समजुती गळून पडल्या. वाफेची इंजिने त्याच्या जन्माआधीपासून इंग्लंडच्या खाणींतील पाणी उपसत होती. वॅटने त्यांना नवे रूप दिले, त्याची सुरुवात झाली ग्लासगो विद्यापीठाच्या आवारात. तेथे तो विद्यार्थी नव्हता आणि प्राध्यापकही नव्हता. तो होता उपकरणे दुरुस्त करणारा कारागीर.

वॅटचा जन्म १७३६ साली स्कॉटलंडमधील ग्रीनॉक या बंदराच्या गावी झाला. वडील जहाजांची कामे करीत. त्यांच्याच हत्यारांशी खेळत त्याचे हात तयार झाले. पुढे १७५३ साली आई गेली, वडिलांचा धंदाही बसला. गणिती उपकरणे बनविण्याचे काम शिकायला तो लंडनला गेला. या धंद्यात सात वर्षांची उमेदवारी करण्याची रीत होती. वॅटने मात्र २० गिनी भरून एका वर्षातच काम शिकून घेतले. उपासमारीने आणि अतिश्रमाने प्रकृती ढासळली, तेव्हा १७५६ साली तो परतला.

ग्लासगोत दुकान थाटावे तर कारागिरांचा संघ आडवा आला, असे त्याचे चरित्रकार सांगतात. रीतसर उमेदवारी न केलेल्या परगावच्या माणसाला शहरात धंदा करता येत नसे. याच सुमारास विद्यापीठाला काही ज्योतिषविषयक उपकरणे देणगी मिळाली होती. ती साफ करून देण्याचे काम वॅटने चोख केले. १७५७ साली विद्यापीठाने त्याला आपल्या आवारात खोली दिली, आणि विद्यापीठाचा गणिती उपकरणकार म्हणून तो तेथे बसू लागला.

त्या खोलीत काय घडले, हे मला इंजिनापेक्षाही मोलाचे वाटते. जोसेफ ब्लॅकसारखा रसायनशास्त्राचा नामवंत प्राध्यापक त्याच्या कामाच्या मेजापाशी गप्पा मारीत बसे. जॉन रॉबिसन हा पदवीधर तरुण त्याचा मित्र बनला. वॅटही हातातल्या कामावर थांबला नाही. एक यंत्रविषयक ग्रंथ वाचण्यासाठी तो जर्मन भाषा शिकला.

१७६३ साली प्राध्यापक जॉन अँडरसन यांच्या वर्गातील न्यूकमेन इंजिनाचा छोटा नमुना दुरुस्तीसाठी त्याच्याकडे आला. चार ठोके पडले की नमुना थांबे. दुसरा एखादा तो चालता करून मोकळा झाला असता. वॅटने मात्र वाफ आणि पाणी मोजायला सुरुवात केली. त्या इंजिनात सिलिंडरमध्ये वाफ भरायची, मग त्यातच थंड पाणी उडवून तिचे पाणी करायचे. पोकळी झाली की बाहेरची हवा दट्ट्या खाली रेटी. म्हणजे दर ठोक्याला सिलिंडर थंड करायचा आणि पुन्हा तापवायचा! बहुतेक वाफ त्यातच वाया जाई. थोड्याशा वाफेने एवढे पाणी कसे तापते, हे कोडे त्याने ब्लॅकपुढे ठेवले. ब्लॅकने आपला अप्रकट उष्णतेचा सिद्धांत त्याला समजावून दिला. १७६५ साली एका रविवारी फिरताना वॅटला युक्ती सुचली : वाफेचे पाणी करायला वेगळे पात्र जोडावे आणि सिलिंडर कायम गरम ठेवावा.

पुढचा काळ सुखाचा नव्हता. १७६९ साली पेटंट मिळाले, पण भांडवल पुरवणारा भागीदार बुडाला. पोटासाठी वॅट कालव्यांची मोजणी करीत फिरला. १७७३ साली पत्नीही वारली. अखेर बर्मिंगहॅमच्या मॅथ्यू बोल्टनशी १७७५ साली भागीदारी झाली आणि पुढच्याच वर्षी नवी इंजिने कामाला लागली. घासाघीस आणि व्यवहार वॅटला जमत नसे; ते बोल्टनने सांभाळले.

त्याचा एक दोषही सांगितला पाहिजे. त्यांच्याच कंपनीतील विल्यम मर्डॉक या हुशार कारागिराने १७८४ च्या सुमारास वाफेवर धावणाऱ्या गाडीचा नमुना केला. वॅटने त्याला उत्तेजन दिले नाही, उलट परावृत्तच केले. ज्याला ब्लॅक आणि अँडरसन भेटले, तो मर्डॉकचा ब्लॅक होऊ शकला नाही. याचे मला फार वाईट वाटले.

१८०६ साली ग्लासगो विद्यापीठाने आपल्या या जुन्या कारागिराला सन्माननीय डॉक्टरेट दिली. २५ ऑगस्ट १८१९ रोजी तो वारला. विजेच्या दिव्यावर आज आपण त्याचे नाव वाचतो. तो नमुना अजूनही त्या विद्यापीठाच्या संग्रहालयात आहे.

आमच्या घरात पदवी हा शब्द माझ्याबरोबर आला. त्याआधी होते ते हातांचे कसब. म्हणून असेल, पण हे चरित्र वाचल्यापासून प्रयोगशाळेत उपकरणे पुसून कपाटात ठेवणाऱ्या माणसाकडे मी वेगळ्या नजरेने पाहतो. उपकरण का बिघडले, हे पुष्कळदा त्यालाच ठाऊक असते. त्याच्यापाशी बसून ते विचारायला ब्लॅकला कमीपणा वाटला नाही. मग आपल्याला का वाटावा?